कुठला योग तुम्हाला मानवला? (ठाणे-नवी मुंबईकरांनो, अनुभव लिहा)

बकुळ

माझं वय ४६. पाचपाखाडीत राहते, ऐरोलीला हिशेबाचं काम, दिवसाचे आठ-नऊ तास खुर्चीत. दोन वर्षांपूर्वी मान आणि उजवा खांदा इतका धरला की वेणी घालायला हात मागे जाईना. डॉक्टर म्हणाले, योग सुरू करा. विचारलं, कुठला? तर म्हणाले, कुठलाही, पण रोज करा. त्या 'कुठलाही'च्या शोधात माझं दीड वर्ष गेलं, म्हणून हा धागा काढतेय.

पहिला वर्ग घोडबंदर रोडवरचा, संध्याकाळी सातचा, 'विन्यास फ्लो'. श्वासाबरोबर एका आसनातून दुसऱ्यात जायचं, मध्ये थांबायचं नाही. मला तो वर्ग मनापासून आवडला होता. तासभरात दिवसभराचे सगळे आकडे डोक्यातून पुसले जायचे. तिसऱ्या महिन्यात पश्चिमोत्तानासनात (पाय पसरून बसून पुढे वाकायचं) कपाळ गुडघ्याला टेकलं, तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पंधरा दिवसांत उजव्या बाजूला, ज्या हाडावर आपण बसतो तिथे, खोलवर ठणकायला लागलं. शिक्षिका म्हणाल्या, आखडलंय, अजून ताणा. मी अजून ताणलं. पुढचे तीन महिने ठाण्याहून ऐरोलीला जाताना बसायला जागा असली तरी मी उभीच राहायचे.

मग एका सोसायटीच्या हॉलमधला अय्यंगार पद्धतीचा वर्ग. तिथे खुर्च्या, लाकडी विटा, पट्टे, घोंगड्या. पहिल्या दिवशी पाऊण तास आम्ही फक्त उभं राहायला शिकलो. "टाचेची बाहेरची कड दाबा, गुडघ्याची वाटी वर ओढा." त्रिकोणासनात हात जमिनीला नाही, विटेला टेकवायचा. दोन महिन्यांत माझा खांदा मोकळा झाला. वेणी घालता येते आता, हे मी कधीच विसरणार नाही. पण तासभर सूचना ऐकून, चुका सुधारून घरी आले की परीक्षा देऊन आल्यासारखं वाटायचं. रात्री डोळे टक्क उघडे. (या वयात बायकांची झोप का जाते ते इथल्या मैत्रिणींना सांगायला नको.)

तिसरा नौपाड्यातला, स्वामी सत्यानंदांच्या परंपरेचा. पहिल्या दिवशी पाय पसरून बसवलं आणि पायाची बोटं पुढे-मागे करायला सांगितली. मग घोटे, मग गुडघे, मनगटं, मान. या सगळ्या क्रमाला म्हणतात पवनमुक्तासन भाग १. मला राग आला होता, खोटं कशाला सांगू. कपाळ गुडघ्याला टेकवणाऱ्या बाईला बोटं हलवायला लावतात! शेवटी योगनिद्रा. "उजव्या हाताचा अंगठा, पहिलं बोट, दुसरं बोट..." असं शांतपणे सांगत संपूर्ण शरीरावरून लक्ष फिरवत नेलं. मला रडू आलं. कारण आजही सांगता येणार नाही. त्या रात्री सहा तास सलग झोपले.

आपल्याकडे म्हणतात ना, तिकडचं पाणी मानवलं नाही, ही हवा मानवते. मला कळलं ते इतकंच की जमणं वेगळं आणि मानवणं वेगळं. फ्लो मला जमला होता, मानवला नाही. अय्यंगार खांद्याला मानवला, झोपेला नाही. तुमचं काय? वय, तक्रार, कुठली पद्धत, किती दिवस केली आणि दुसऱ्या दिवशी अंगात काय उरलं, असं लिहा. क्लासची जाहिरात मात्र कृपया नको.

---

येऊरवाट

वय ३१, अष्टांग विन्यास, साडेचार वर्षं. फ्लो वर्गाचं मूळ बरंचसं आमच्याच पद्धतीत आहे, म्हणून लिहितो.

थोडा इतिहास, कारण त्याशिवाय गोंधळ मिटत नाही. १९३०च्या दशकात म्हैसूरच्या राजवाड्याच्या आश्रयाने टी. कृष्णमाचार्य योगशाळा चालवायचे. आमची अष्टांग पद्धत रुजवणारे के. पट्टाभि जोइस आणि बी. के. एस. अय्यंगार हे दोघेही त्यांचेच शिष्य. इंद्रा देवीही त्यांच्याकडेच शिकल्या, आणि मुलगा टी. के. व्ही. देशिकाचार यांनी पुढे माणसागणिक वेगळा अभ्यास देण्याची वाट धरली. म्हणजे आज एकमेकांपासून इतक्या लांब दिसणाऱ्या पद्धती एकाच गुरूच्या घरातून निघाल्या. शाळेत शिकायला मुख्यतः तरुण मुलं होती. उड्या घेत, घाम गाळत होणारा तो क्रम त्या वयाला साजेसाच होता.

मला तो का मानवला? माझं मन फार भटकतं, काळजी करत बसतं. इथे क्रम ठरलेला. सूर्यनमस्कार अ, मग ब, मग उभी आसनं, मग बैठी. आज काय करू हा प्रश्नच उरत नाही. श्वास, बंध (ओटीपोटाचे स्नायू आत ओढून धरणं) आणि दृष्टी (नजर ठरलेल्या जागी) एवढंच सांभाळायचं. पहाटे साडेपाचला सुरू करतो, सातला संपतं, त्यानंतर दुपारपर्यंत डोकं निवळलेलं असतं. परंपरेने शनिवारी सुट्टी, अमावस्या-पौर्णिमेलाही सुट्टी.

एक मात्र आवर्जून सांगतो. म्हैसूर पद्धतीत सगळे एका तालावर करत नाहीत. प्रत्येक जण आपापल्या श्वासाने करतो, आणि एक आसन बसल्याशिवाय शिक्षक पुढचं देत नाहीत. माझा मरीच्यासनाशी आठ महिने मुक्काम होता. तुम्हाला तिसऱ्या महिन्यात टाळ्या मिळाल्या तसं तिथे झालं नसतं.

---

खाडीकाठ

वाशी, वय ५२. सकाळी सागर विहारला चालतो, मग घरी तासभर अभ्यास. लोणावळ्याच्या कैवल्यधामच्या पद्धतीने शिकलो. आसन हळू घ्यायचं, कमीत कमी जोर लावून थांबायचं, हळू सोडायचं. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं हा काही करतच नाहीये.

स्वामी कुवलयानंदांनी १९२४मध्ये ती संस्था सुरू केली आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' नियतकालिक. उड्डियान (पोट आत ओढणं) आणि नौली (पोटाचे स्नायू फिरवणं) करताना पोटातल्या दाबाचं काय होतं हे त्यांनी क्ष-किरण आणि दाबमापक लावून पाहिलं. शंभर वर्षांपूर्वी! आपल्याच मराठी माणसाने. मला विज्ञानाच्या वाटेने आलेलं पटतं, म्हणून तिथेच थांबलो. अंगात काय उरतं? भूक वेळेवर लागते. आणि चिडचिड कमी झाली, हे घरच्यांचं मत.

---

तळटीप

विषय चांगला आहे, पण एक खटकलं. पतंजलींच्या १९५-९६ योगसूत्रांपैकी आसनाबद्दल थेट बोलणारी तीनच आहेत. पहिलं, 'स्थिरसुखमासनम्'. स्थिर आणि सुखाचं, झालं. पंधराव्या शतकातल्या हठयोगप्रदीपिकेत वर्णन आहे ते पंधराच आसनांचं. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात माउली आसनावर बसवतात ते पुढे कुठेतरी न्यायला. आपण मात्र बसायच्या जागेचीच चर्चा करत राहतो. योग एकच. हे प्रकार दुकानांनी केले.

---

बकुळ

तळटीप, तुमचं म्हणणं मला मनापासून मान्य आहे आणि तरीही माझा प्रश्न उरतोच. 'स्थिर' आणि 'सुख' हे दोन शब्दच तर मी शोधतेय. ज्या हाडावर बसायचं तेच ठणकत असेल तर माउली नेतील तिथे मी पोचणार कशी? आधी बसता तर येऊ दे. आणि अय्यंगारांचं उदाहरण घ्या. लहानपणी हिवताप, विषमज्वर, क्षय, सगळं झालेलं अशक्त शरीर. स्वतःच्या दुखण्यातून त्यांनी वाट काढली. १९३७मध्ये पुण्यात आले आणि आयुष्यभर शिकवलं. त्या विटा आणि पट्टे दुकानासाठी आलेले नाहीत, ज्यांचा हात जमिनीला पोचत नाही त्यांच्यासाठी आलेत.

---

तळटीप

हे पटलं. 'दुकान' हा शब्द मागे घेतो. बाजार झालाय हे खरं, पण तो सगळ्या पद्धतींवर लादणं चूक होतं.

---

उंबरठा

मी नेरूळला फिजिओथेरपिस्ट आहे, स्वतः योग करते. बकुळताई, तुमचं जे दुखलं त्याचे रुग्ण माझ्याकडे वरचेवर येतात. मांडीच्या मागचे स्नायू ज्या हाडाला चिकटलेले असतात तिथला स्नायुबंध पुन्हा पुन्हा पुढे वाकल्याने दुखावतो. पोटरीत किंवा मांडीच्या मधोमध ताण जाणवला तर ठीक. अगदी हाडाशी जाणवला तर थांबायचं. तिथे 'अजून ताणा' हा सल्ला उलटा. गुडघे वाकवून वाकणं, ताण पूर्ण कमी करणं आणि मग हळूहळू त्या स्नायूंना ताकद देणं, सेतुबंधासनासारखं (पाठीवर पडून कंबर उचलायची), हा रस्ता असतो. आणि तो लांबचा असतो, महिन्यांचा.

तुमच्या जमणं-मानवणंमध्ये एक भर घालते. काही जणांचे सांधे जन्मतःच सैल असतात. कोपर, गुडघे उलटे वाकतात, अंगठा मनगटाला लागतो. अशा मुली वर्गात पहिल्या दिवसापासून कौतुकाच्या होतात. त्यांना सगळं जमतं, आणि पस्तिशीत त्याच माझ्याकडे येतात. त्यांना अजून लवचिकपणा नकोच असतो. सांधा शेवटच्या टोकाला नेण्याआधी थांबवणं, स्नायूंनी धरून ठेवणं, हे त्यांना शिकायचं असतं. अय्यंगार पद्धतीतली उभी आसनं, शिक्षक डोळस असेल तर, त्यांना फार उपयोगी पडतात. याउलट दिवसभर उभं राहून काम करणारा ताठ अंगाचा माणूस असेल तर त्याला थोडा वाहता अभ्यास बरा वाटतो.

काही गोष्टी पद्धत कुठलीही असो, लक्षात ठेवा. काचबिंदू किंवा अनियंत्रित रक्तदाब असेल तर शीर्षासन नको. मानेच्या मणक्यांचा त्रास असेल तर शीर्षासन, सर्वांगासन दोन्हींचा विचार आधी डॉक्टरांशी बोलून. गरोदरपणात आणि हर्नियात कपालभाती नको. कमरेतली चकती सरकली असेल तर पुढे वाकणारी आसनं स्वतःच्या मनाने करू नका.

येऊरवाट, राग मानू नका, पण हाडाशी दुखण्याच्या तक्रारी तुमच्या पद्धतीवाल्यांकडून मी जास्त ऐकते. तुमच्या ठरलेल्या क्रमात, म्हणजे पहिल्या मालिकेत, पुढे वाकणंच फार आहे.

---

येऊरवाट

राग कसला. तुम्ही म्हणता ते खरं आहे, मलाही दुसऱ्या वर्षी तेच झालं होतं. मी सहा आठवडे गुडघे वाकवून केलं आणि बैठ्या आसनांत निम्म्यावर थांबायचो. क्रम तोच ठेवला, खोली कमी केली. माझे शिक्षक म्हणाले की मालिका पूर्ण करण्यासाठी नसते, रोज येण्यासाठी असते. हे त्यांनी सांगितलं नसतं तर मी सोडून दिलं असतं. तेव्हा पद्धतीत धोका आहे हे मी कबूल करतो, पण समोर कोण उभं आहे त्यावर फार काही ठरतं.

---

अर्धविराम

खारघर, वय ३४, बाळ आता चौदा महिन्यांचं. माझा अनुभव थोडा वेगळा, लिहू की नको करत होते.

बाळंतपणानंतर पोट आत जाईना. जिथे गेले तिथे एकच उत्तर, कपालभाती करा, जोरात करा. केली. पोट आणखी पुढे यायला लागलं, आणि खोकला आला की धाकधूक. शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी हात लावून दाखवलं की पोटाचे स्नायू मधोमध दुभंगले आहेत आणि अजून जुळलेले नाहीत. आतून ढकलणारं काही करायचं नाही. मी वर्षभर स्वतःला आळशी समजत होते हो.

आता एका बाईंकडे जाते, त्या अय्यंगार परंपरेतल्या. अय्यंगारांच्या कन्या गीता अय्यंगारांनी स्त्रियांच्या शरीरासाठी, पाळीत, गरोदरपणात, बाळंतपणानंतर काय करावं आणि काय थांबवावं यावर आयुष्यभर काम केलं, ते सगळं त्या धरून शिकवतात. पाठीखाली लोड, डोक्याखाली घडी घातलेली चादर, तळपाय एकमेकांना लावून सुप्त बद्धकोणासन. दहा मिनिटं नुसतं पडून राहायचं. पहिल्यांदा मला वाटलं मी पैसे देऊन झोपायला येतेय. पण श्वास खाली पोटापर्यंत गेला, वर्षभरात पहिल्यांदा. बकुळताई, तुम्ही रडलात तसंच झालं.

---

सानपाडा७

वाचतेय. एक विचारू? गरम खोलीतला योग कुणी केलाय का? मैत्रीण मागे लागली आहे.

---

उंबरठा

@सानपाडा७, बिक्रम पद्धतीत साधारण ४० अंश तापमानात २ श्वसनप्रकार धरून एकूण २६ प्रकार दीड तासात करवतात. उष्णतेने स्नायू सैल वाटतात आणि आपण नेहमीच्या मर्यादेपलीकडे जातो, तेच मला धोक्याचं वाटतं. आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत घाम तसाही थांबत नाही. रक्तदाबाची गोळी चालू असेल, चक्कर येत असेल तर मी तरी नको म्हणेन.

---

जुना ठाणेकर

तुम्हा सगळ्यांचं वाचून लिहावंसं वाटलं. वय ७२. ठाण्यात योगाला कधी दुकान लागलं नव्हतं, हे तळटीप यांना मुद्दाम सांगतो. अंबिका योग कुटीरच्या वर्गात मी तरुणपणी गेलो. हठयोगी निकम गुरुजींची ती परंपरा. शाळेच्या हॉलमध्ये सतरंज्या, आठवड्यातून एकदा वर्ग, शिकवणारे सगळे सेवाभावी, फी नाही. आमच्या गल्लीतले गिरणीतले, बँकेतले, भाजीवाले सगळे एका ओळीत बसायचे. पुढे घंटाळी मित्र मंडळात योगनिद्रा शिकलो. बकुळताई ज्या परंपरेबद्दल सांगतात तीच, मुंगेरच्या स्वामी सत्यानंदांची.

मला सांगायचं ते असं. तुम्ही विचारता कुठला मानवला. मला वेगवेगळ्या वयात वेगवेगळा मानवला. तिशीत सूर्यनमस्कार. औंधच्या पंतप्रतिनिधींनी ते घराघरांत, शाळाशाळांत नेले, माझ्या वडिलांकडून माझ्याकडे आले. रथसप्तमीला आम्ही मित्र १०८ घालायचो, दुसऱ्या दिवशी जिने उतरता यायचे नाहीत आणि त्याचा अभिमान वाटायचा. पन्नाशीत रक्तदाब निघाला. शीर्षासन सोडावं लागलं. ते सोडताना मला फार वाईट वाटलं, कारण वीस वर्षं रोज करत होतो. चार-पाच महिने मी सगळाच अभ्यास बंद ठेवला होता, रुसल्यासारखा. सौ.ने एक दिवस शेजारी चटई टाकली आणि म्हणाली, मला शिकवा. तिला गुडघ्यांमुळे खाली बसता येत नव्हतं. तिच्यासाठी खुर्चीवर काय करता येईल ते शोधता शोधता माझाही अभ्यास परत सुरू झाला.

आज मी खुर्चीत बसून ताडासनासारखे हात वर घेतो, घोटे फिरवतो, अनुलोम-विलोम, भ्रामरी, आणि दुपारी योगनिद्रा. पस्तीस मिनिटं. ती आता नाही. तिची खुर्ची शेजारी असते.

---

बकुळ

काका, काय लिहू. नमस्कार करते.

---

तळटीप

काका, तुमच्या प्रतिसादानंतर मी घरातली अडगळीतली सतरंजी काढली.

---

सानपाडा७

सगळ्यांना विचारते, नवीन वर्गात पहिल्या दिवशी तुम्ही काय बघता?

---

येऊरवाट

शिक्षक स्वतः करून दाखवत राहतो की फिरून बघतो. पूर्ण तास स्वतःच करत असेल तर तो आपल्याला बघत नाहीये.

---

अर्धविराम

दुखणं विचारतात का. आणि विचारल्यावर त्या माहितीचं पुढे काही करतात का. मला फॉर्म भरून घेणारे दोन भेटले, फॉर्म वाचणारं कुणी नव्हतं.

---

खाडीकाठ

शवासनाला किती वेळ देतात. दोन मिनिटांत उठवत असतील तर मी परत जात नाही.

---

उंबरठा

मी 'हे मला दुखतंय' म्हटल्यावर त्यांचं पहिलं वाक्य काय असतं. आणि पहिल्या वर्गानंतरचा दुसरा दिवस. स्नायू जड वाटणं ठीक. सांध्यात टोचणं, मुंग्या येणं, एकाच जागी बोट ठेवून दाखवता येईल असं दुखणं ठीक नाही. निदान सहा आठवडे एका ठिकाणी द्या, मग ठरवा. दर पंधरवड्याला पद्धत बदलली तर कशाचा परिणाम काय हे कळणारच नाही.

---

बकुळ

दोन महिन्यांनी धागा वर काढतेय.

उंबरठाताईंनी सांगितलं तसं हाडाला विश्रांती दिली. पुढे वाकणं पूर्ण बंद, सेतुबंधासन भिंतीशी, रोज. मागच्या आठवड्यात ऐरोलीपर्यंत बसून गेले.

अभ्यास आता असा बसलाय. सकाळी पंचवीस मिनिटं पवनमुक्तासन भाग १ आणि खुर्चीच्या आधाराने अय्यंगार वर्गातली तीन उभी आसनं. रविवारी तो वर्ग चालूच, आणि आता तिथे परीक्षा वाटत नाही. बाईंना मी झोपेचं सांगितलं, तर म्हणाल्या, आधी का नाही बोललात, आणि शेवटची पंधरा मिनिटं माझ्यासाठी बदलली. विटेवर कंबर, पाय भिंतीला. दीड वर्षात मी हे एकदाही विचारलं नव्हतं, माझ्या लक्षातच आलं नाही की विचारायचं असतं. रात्री योगनिद्रा. चार-पाच रात्री चांगल्या जातात, दोन जात नाहीत.

येऊरवाट, तुमच्या शिक्षकांकडे एकदा गेले होते. पहाटे साडेपाचला हॉलमध्ये दहा-बारा जणांच्या फक्त श्वासाचा आवाज. मी गुडघे वाकवून पाच सूर्यनमस्कार केले, त्यांनी तिथेच थांबवलं आणि म्हणाले, आज एवढंच. परत येताना कचराळी तलावाला एक फेरी मारली. वाहत्या अभ्यासावर माझं प्रेम आहे ते आहेच. हाड पूर्ण बरं झालं की त्यांच्याकडे आठवड्यातून एकदा जाईन.

---

येऊरवाट

वाचून फार बरं वाटलं. घाई नको.

---

अर्धविराम

ताई, पाय भिंतीला लावताना कंबरेखाली वीट टोचत नाही का? माझ्याकडे लोड आहे, तो फार उंच होतो.

---

बकुळ

वीट नुसती नाही ठेवत गं, वर चादरीची चार पदरी घडी. लोड उंच होत असेल तर तो राहू दे, दोन घोंगड्या घडी करून चार बोटं उंच कर आणि भिंतीपासून एक वीत लांब ठेव. कंबर घोंगडीवर, बसायची हाडं त्या वितीच्या पोकळीत किंचित खाली उतरली पाहिजेत. पोटावर ताण आला तर लगेच कुशीवर वळून उतर, आणि तुझ्या बाईंना आधी विचार.